कात्री न लावता आखूड शेपूट: एका जनुकशास्त्रज्ञाच्या बॉक्सर कुत्र्यांचं प्रकरण

बॉक्सर जातीचं कुत्रं आखूड शेपटासह जन्माला येतं, अशी आपल्याकडे कित्येकांची समजूत असते. डॉबरमनबद्दलही तीच. पिल्लू घरी येतं तेव्हा ते दीड-दोन महिन्यांचं असतं, जखम केव्हाच भरून आलेली असते आणि मागे दोन-तीन मणक्यांचा खुंट उरलेला असतो. त्याबद्दल विचारावं असं कुणाच्या मनातही येत नाही. खरं तर बॉक्सरचं पिल्लू चांगलं लांब, चाबकासारखं शेपूट घेऊन जन्मतं. पहिल्या पाचेक दिवसांत, डोळे उघडण्याआधीच, ते कात्रीने छाटतात किंवा घट्ट रबरी कडं चढवून त्याचा रक्तपुरवठा तोडतात. मग पुढचा भाग वाळून गळून पडतो. भूल बहुधा दिली जात नाही.

हे करावं की नाही, यावर युरोपात अनेक दशकं वाद झाला. त्यातलं एकच प्रकरण इथे घेतो. ते ब्रिटनमधलं आहे, १९९० च्या दशकातलं, आणि त्याच्या मध्यभागी ना प्राणिमित्र संघटना आहे ना न्यायालय. मध्यभागी आहे उंदरांवर संशोधन करणारा एक शास्त्रज्ञ, ज्याच्या घरी बॉक्सर होते. शेपूट कापण्याच्या समर्थकांना त्याने एक अडचणीचा प्रश्न घातला, आणि विरोधकांनाही. तो प्रश्न त्याने तोंडाने विचारला नाही. पिल्लं जन्माला घालून विचारला.

कारणं बदलत गेली, शेपूट तेवढंच राहिलं

पहिल्या शतकात शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेला सांगतो की पिल्लू चाळीस दिवसांचं झालं की त्याचं शेपूट दातांनी तोडावं, आतली शीर ओढून काढावी. त्याने शेपूट बेढब लांब वाढत नाही आणि, मेंढपाळांच्या म्हणण्यानुसार, कुत्रं पिसाळतही नाही. हा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी दिसणं, मग औषध. पुढच्या काळात औषधाची जागा इतर कारणांनी घेतली. लढाईत शत्रूच्या हाती शेपूट सापडू नये, झुडपात अडकून रक्तबंबाळ होऊ नये, घाण चिकटू नये. ‘बेढब दिसू नये’ हे कारण मात्र कुणी मोठ्याने म्हणायचं नाही, आणि खरं बळ त्यातच होतं.

जखमेच्या मुद्द्याला मी हलकं लेखत नाही. काटेरी रानात दिवसभर घुसणाऱ्या स्पॅनियलचं शेपूट खरोखर सोलवटतं. स्कॉटलंडमध्ये शिकारीवर जाणाऱ्या कुत्र्यांची २०१०-११ च्या हंगामातली पाहणी झाली, तेव्हा शेपूट न कापलेल्या स्पॅनियलांपैकी ५६.६ टक्के कुत्र्यांना हंगामात एकदा तरी शेपटाला इजा झाल्याचं मालकांनी सांगितलं. पण हा आकडा एका विशिष्ट कामाच्या विशिष्ट कुत्र्यांचा आहे. ब्रिटनमधल्या ५२ पशुवैद्यकीय दवाखान्यांतल्या सव्वा लाखाहून अधिक, नेमके १,३८,२१२, कुत्र्यांची नोंद तपासणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शेपटाच्या इजा निघाल्या २८१. संख्याशास्त्रीय दुरुस्ती करून जोखीम ०.२३ टक्के. अभ्यासकांचा हिशेब असा, की एक इजा टाळायची तर सुमारे ५०० पिल्लांची शेपटं कापावी लागतील. आणि इजा कुठे झाल्या? बऱ्याचशा घरातच. भिंतीवर आपटून, दारात सापडून.

बॉक्सर तर झुडपात घुसणारं कुत्रंच नाही. ते सोफ्यावर बसणारं, मुलांशी दंगा करणारं कुत्रं. त्याच्या बाबतीत झुडपाचं कारण चालण्यासारखं नव्हतं. उरतं ते रूप. चौकोनी, घट्ट, मागून एकदम संपणारं शरीर. प्रदर्शनात बॉक्सर कडेने उभा करतात, मान वर, पाठ उतरती, आणि पाठीच्या रेषेचा शेवट त्या खुंटाने होतो. ज्यांनी आयुष्यभर ही रेषा पाहिली, त्यांच्या डोळ्याला शेपटाचा बॉक्सर म्हणजे पूर्णविराम संपल्यावर पुढे चालू राहिलेलं वाक्य.

बंदीची चाहूल

१९८७ मध्ये युरोपीय परिषदेने पाळीव प्राण्यांच्या संरक्षणाचा करार केला. केवळ दिसण्यासाठी शेपूट, कान किंवा स्वरयंत्र कापायला त्यात मनाई आहे, मात्र शेपटाच्या कलमाला अपवाद नोंदवायची सोय देशांना ठेवली होती. स्वीडनने १९८९ पासून शेपूट कापणं बंद केलं. ब्रिटनने करारावर सही केली नाही, पण १ जुलै १९९३ पासून तिथे ब्रीडरच्या हातातली कात्री काढून घेतली गेली. त्या दिवसापर्यंत कुणीही ब्रीडर स्वतःच्या स्वयंपाकघरात पिल्लांची शेपटं कापू शकत होता, आणि कापतही होता. पुढे ते फक्त पशुवैद्यानेच करायचं ठरलं. पशुवैद्यांच्या नियामक संस्थेने मात्र सांगून टाकलं होतं की उपचार किंवा खरीखुरी प्रतिबंधाची गरज असल्याशिवाय शेपूट कापणं हे व्यवसायाच्या नीतीत बसत नाही. म्हणजे कायद्याने ज्याला परवानगी, त्याला त्याच्याच व्यवसायाची मनाई. असले अर्धवट नियम फार काळ टिकत नसतात. पूर्ण बंदी येणार, प्रश्न फक्त कधी एवढाच होता.

‘पिल्लाला काही कळत नाही, मज्जासंस्था अजून कच्ची असते,’ हा समर्थकांचा ठेवणीतला मुद्दा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये तीन ते पाच दिवसांच्या ५० पिल्लांवर शेपूट कापताना निरीक्षण करण्यात आलं. त्याचा निष्कर्ष १९९६ मध्ये छापून आला. सगळी पिल्लं किंचाळली. सरासरी २४ किंकाळ्या आणि १८ वेळा कण्हणं, आणि शांत व्हायला सरासरी १३८ सेकंद. दोन मिनिटं अठरा सेकंद. समर्थकांना त्यात ‘फक्त दोन मिनिटं’ दिसली आणि विरोधकांना ‘चोवीस किंकाळ्या’.

उंदरांकडून कुत्र्यांकडे

ब्रूस कॅटनॅक मूळचे ग्लासगोचे, जन्म १९३२ चा. ऑक्सफर्डजवळच्या हार्वेल इथल्या संशोधन केंद्रात त्यांनी उंदरांच्या जनुकशास्त्रावर आयुष्य घालवलं. एक्स गुणसूत्र मादीच्या पेशीत कसं निष्क्रिय होतं, या विषयातलं त्यांचं काम मोलाचं मानलं जातं. उंदराच्या गुणसूत्रांतला एक बदल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९८७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आणि घरी ते बॉक्सर पाळत, त्यांची पैदास करत, प्रदर्शनात नेत. म्हणजे हा माणूस बाहेरून आलेला टीकाकार नव्हता. त्या वर्तुळातलाच होता.

उंदीर आणि आखूड शेपूट यांचा संबंध जनुकशास्त्रात जुना आहे. १९२७ मध्ये नादेज्दा दोब्रोवोल्स्काया-झावाद्स्काया या रशियन वंशाच्या संशोधिकेने पॅरिसमध्ये आखूड शेपटाचा एक उंदीर वर्णन केला. त्या जनुकाला पुढे ‘टी’ हे नाव पडलं. एक बदललेली प्रत मिळाली तर शेपूट आखूड. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर पिल्लू गर्भातच मरतं, कारण हे जनुक गर्भाचा मागचा भाग आणि पाठकणा घडवण्याच्या कामात असतं. कॅटनॅक यांच्या पिढीच्या उंदीरवाल्यांना हे अ-आ-इ-ई इतकं पाठ.

कुत्र्यांतही काही जातींत जन्मजात आखूड शेपूट असतं, आणि त्यातली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे दिवंगत राणी एलिझाबेथच्या पायात घोटाळत आलेली पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी. कॅटनॅक यांचा विचार सरळ होता. हा गुण प्रभावी असेल, म्हणजे एका पालकाकडून आला तरी दिसत असेल, तर तो कॉर्गीकडून बॉक्सरमध्ये आणता येईल. बंदी आली तरी ज्यांना ती जुनी बाह्यरेषा हवी आहे त्यांना ती मिळेल, आणि एकाही पिल्लाला कात्री लागणार नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बॉक्सर आणि कॉर्गीची जोड लावली. ऐकणाऱ्याला हसू यावं अशीच ही जोडी. एक ऐटबाज, उंच, चपट्या नाकाचा, दुसरा वीतभर पायांचा.

चार पिढ्यांचा हिशेब

इथे थोडं गणित करतो, कारण या प्रकरणाची सगळी गंमत त्यात आहे.

पहिल्या पिढीत निम्मं रक्त कॉर्गीचं. कॉर्गीचे आखूड पायही प्रभावी गुण आहेत, म्हणून ही पिढी बॉक्सर वाटणार नाही हे उघड होतं. मग आखूड शेपटाचं एक पिल्लू निवडायचं आणि त्याची जोड पुन्हा शुद्ध बॉक्सरशी लावायची. पुढच्या वेतात कॉर्गीचा वाटा सरासरी २५ टक्के. शेपूट आणि पाय यांची जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने दोन्हींची वाटणी स्वतंत्र होते. निम्म्या पिल्लांना आखूड शेपूट, निम्म्यांना लांब पाय, आणि दोन्ही हवं तसं जुळलेलं पिल्लू चारांत एक. सहा-सात पिल्लांच्या वेतात एखाद-दुसरं हाती लागतं. ते घ्यायचं, पुन्हा बॉक्सर. साडेबारा टक्के. पुन्हा बॉक्सर. सव्वासहा. पुन्हा. तीन टक्क्यांच्या आसपास. आखूड पायांचं जनुक एकदा गळालं की परत येत नाही. शेपटाचं मात्र प्रत्येक पिढीत हाताने धरून पुढे न्यायचं.

आणि तसंच झालं. कागदावर मोजण्यासारखे बदल डोळ्याला फार लवकर दिसले. काही पिढ्यांत समोर उभे राहिलेले कुत्रे बॉक्सरच होते, प्रदर्शनात उभे करावेत असे, मागे जन्मजात आखूड शेपूट असलेले. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने त्यांना बॉक्सर म्हणून नोंदवूनही घेतलं.

यावर एक विषयांतर करतोच. डाल्मेशियन जातीच्या कुत्र्यांत मूत्राम्लाचा जन्मजात दोष असतो आणि त्यातून मूतखडे होतात. रॉबर्ट शेबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये पॉइंटरशी एकच जोड लावून, मग पुन्हा पुन्हा डाल्मेशियनकडे परतून, हा दोष दूर केला. पद्धत तंतोतंत तीच. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने दोन कुत्री नोंदवली, पण जातीच्या मंडळाने विरोध केला आणि दार बंद झालं. ते उघडायला २०११ उजाडावं लागलं. देश वेगळे, संस्था वेगळ्या, हे मान्य. तरीही मूतखड्यातून सोडवणाऱ्या संकराला तीस वर्षं ताटकळावं लागलं आणि शेपटाची लांबी जपणाऱ्या संकराला काही वर्षांत नोंद मिळाली, ही गोष्ट मला तरी विसरता येत नाही.

फटी

प्रयोग यशस्वी झाला, पण सुटसुटीत नव्हता. जन्मजात आखूड शेपूट सगळीकडे सारख्या लांबीचं निघत नाही. एकाला जेमतेम गोंडा, दुसऱ्याला अर्धं शेपूट, तिसऱ्याला त्याच्या मधलं काहीतरी. कात्री नेमक्या मणक्यावर थांबते, जनुक थांबत नाही. ज्यांना तीच रेषा अगदी तशीच हवी होती, त्यांचं समाधान अर्धवटच झालं.

दुसरी फट खोल आहे. दोन आखूड शेपटांच्या कुत्र्यांची जोड लावली तर सरासरी पाव गर्भांना दोन बदललेल्या प्रती मिळतात, आणि ते जगत नाहीत. स्वीडिश वालहुंड या जातीत दोन्ही पालक आखूड शेपटाचे असतील तर वेतातली पिल्लं २९ टक्क्यांनी कमी भरतात असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. त्यामुळे एक आखूड आणि एक लांब अशीच जोड लावायची, ही शिस्त पाळावी लागते. कॅटनॅक यांच्यासारख्याला ते समजावून सांगावं लागत नव्हतं. पण नाण्याची छापबाजूच पाहणाऱ्या ब्रीडरच्या हाती हे पडलं, तर पिल्लाच्या शेपटावरची कात्री आईच्या गर्भात जाऊन बसणार, आणि तिथे किंकाळ्या मोजायला कुणी नसणार.

या कुत्र्यांचा विज्ञानाला एक फायदाही झाला. २००१ मध्ये कॉर्गी आणि कॅटनॅक यांच्या बॉक्सरांच्या आधारे कुत्र्यातला तो नेमका बदल सापडला. उंदरात सापडलेल्या त्याच ‘टी’ जनुकाच्या कुत्र्यातल्या रूपात डीएनएचं एक अक्षर चुकलेलं होतं. २००९ च्या अभ्यासात आखूड शेपटाच्या २३ जाती तपासल्या, तेव्हा १७ जातींत हाच बदल निघाला. उरलेल्यांत नाही, म्हणजे बुलडॉग किंवा बॉस्टन टेरियरचं शेपूट आखूड होण्याची वाट निराळी. या शोधामुळे एक व्यावहारिक गोष्ट शक्य झाली. समोरच्या कुत्र्याचं शेपूट जन्मजात आखूड आहे की चोरून कापलेलं, हे आता रक्ताच्या थेंबावरून सांगता येतं.

मग वाद नेमका कशाचा?

कॅटनॅक यांच्या बॉक्सरांनी विरोधकांपुढे टाकलेला प्रश्न असा. तुमची हरकत कापण्याला आहे, की शेपूट नसण्याला?

कापण्याला असेल, तर हे कुत्रे उत्तर आहेत. वेदना नाही, जखम नाही, कायद्याचा भंग नाही. पण बरेच विरोधक आणखी एक गोष्ट म्हणत आले होते, की शेपूट ही कुत्र्याची भाषा आहे. त्याला आधार आहे. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ३० कुत्र्यांचं निरीक्षण करून दाखवलं की मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकतं, आणि दांडगं अनोळखी कुत्रं दिसलं की डावीकडे. २००८ मध्ये कॅनडात एका यांत्रिक कुत्र्याला कधी लांब, कधी आखूड शेपूट लावून मोकळ्या मैदानात ठेवलं. लांब शेपूट हलतंय की स्थिर आहे, यावरून मोठ्या कुत्र्यांची वागणूक बदलत होती. आखूड असेल तेव्हा तो फरक पुसट झाला. तेव्हा मुद्दा भाषेचा असेल, तर जन्मजात आखूड शेपटाचा बॉक्सरही तितकाच मुका. मग हे कुत्रे उत्तर ठरत नाहीत, उलट तीच चूक पिढीजात करून ठेवतात.

माझं मत विचाराल तर भाषेचा मुद्दा खरा आहे, पण कॉर्गी शतकानुशतकं मेंढ्या-गुरांमागे धावत जगले आहेत. त्यांना मुकं म्हणायला जीभ रेटत नाही. कापण्याचा अपराध आणि आखूड असण्याचं वैगुण्य यांना एकाच तागडीत घालणं बरोबर नाही.

समर्थकांपुढचा प्रश्न याहून बोचरा होता. स्वच्छता, इजा, परंपरा ही कारणं खरी असतील, तर कॉर्गीच्या जनुकाने ती सगळी भागतात. रक्त शुद्ध राहिलं पाहिजे म्हणून ते नको असेल, तर जातीच्या शुद्धतेपायी दर पिढीला कात्री चालवायची तुमची तयारी आहे, असं म्हणा. कॅटनॅक यांनी तसं सुनावलं नाही. पण त्यांच्या कुत्र्यांनंतर ‘दुसरा मार्गच नाही’ हे वाक्य वापरायची सोय राहिली नाही.

२००७ नंतर

प्राणी कल्याण कायदा २००६ मध्ये मंजूर झाला आणि ६ एप्रिल २००७ पासून इंग्लंडमध्ये शेपूट कापणं गुन्हा ठरलं. उपचाराचा अपवाद आणि पोलीस, लष्कर, बचावकार्य, शिकार अशा कामांच्या कुत्र्यांचा अपवाद ठेवला, तोही पिल्लू पाच दिवसांच्या आतलं असेल आणि पशुवैद्याने कागद पाहून खात्री करून घेतली असेल तरच. स्कॉटलंडने कामाच्या कुत्र्यांनाही सूट दिली नव्हती. २०१७ मध्ये तिथल्या संसदेने स्पॅनियल आणि शिकारी पॉइंटर गटाच्या कुत्र्यांसाठी शेपटाचा टोकाचा एक तृतीयांशपर्यंतचा भाग कापायची मुभा दिली. बॉक्सर त्यात कुठेच नाही.

कायद्यातलं माझ्या मते सर्वांत धारदार कलम प्रदर्शनाचं आहे. ६ एप्रिल २००७ पासून पुढे शेपूट कापलेलं कुत्रं, जिथे लोक तिकीट काढून येतात अशा प्रदर्शनात दाखवता येत नाही. काम कसं करतं हे दाखवण्यापुरतीच सूट. म्हणजे कायदेशीर कापलेला शिकारी स्पॅनियलही बर्मिंगहॅमच्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात सौंदर्याच्या रिंगणात उतरू शकत नाही. बक्षिसाची वाट बंद केली की कात्री आपोआप बोथट होते, हे कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं.

आणि रिंगणात काय झालं? बॉक्सर शेपटासह आले. जातीचा आदर्श कुत्रा कसा असावा हे सांगणाऱ्या केनेल क्लबच्या वर्णनात ‘पूर्वी कापण्याची प्रथा होती’ अशी नोंद होऊन न कापलेल्या शेपटाचं वर्णन आलं. जर्मनीतही १९९८ पासून मनाई आहे आणि आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या वर्णनात बॉक्सरचं शेपूट सामान्य लांबीचं आणि नैसर्गिक ठेवलेलं हवं आहे. त्या वर्णनात कॅटनॅक यांच्या बॉक्सरला जागा उरत नाही. अटलांटिक ओलांडलं की उलट. अमेरिकन वर्णनात न कापलेल्या शेपटाला कडक दंड करावा असं लिहिलेलं आहे. एकाच जातीचा कुत्रा म्युनिकमध्ये आखूड म्हणून नापास, न्यूयॉर्कमध्ये लांब म्हणून नापास.

आपल्याकडे हा प्रश्न अजून कागदावर लोंबकळतो आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अवयव तोडणं हा गुन्हा आहे. शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं यांना कायदा सूट देतो. त्या यादीत शेपूट नाही. कलम ११ खालचा पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. २०११ मध्ये भारतीय पशुवैद्यक परिषदेने पशुवैद्यांना शेपूट आणि कान कापू नका असं कळवलं, केनेल क्लब ऑफ इंडिया मद्रास उच्च न्यायालयात गेला, आणि २०१३ मध्ये ते पत्रक रद्द झालं.

ब्रिटनमध्ये आज दिसणारे बहुतेक बॉक्सर लांब शेपटाचे असतात. आखूडवाले आहेत, पण थोडे. कॅटनॅक एप्रिल २०२० मध्ये वारले. त्यांच्या वाटेने पैदास करणाऱ्याच्या घरी अजूनही प्रत्येक वेतात निम्म्या पिल्लांना पूर्ण शेपूट येतं, कारण एक पालक लांब शेपटाचाच ठेवावा लागतो. २००७ आधी या पिल्लांना पशुवैद्याकडे नेऊन भावंडांसारखं करता येत होतं. आता एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली दोन पिल्लं, एक आखूड आणि एक लांब, त्याच रिंगणात शेजारीशेजारी उभी राहतात आणि परीक्षकाला दोघांकडे पाहावं लागतं.